‘जनता’ घड्याळ आणि आपण

हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी उद्योगाने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे मनगटी घड्याळे करण्यास आरंभ केला. तोवर परदेशी घड्याळ ही काहीशी मिजाशीची वस्तू होती. १७ खड्यांचे, चावीचे ‘जनता’ मात्र कारकून, शिक्षक, स्टेशनमास्तर यांच्या मनगटावर आले. पुढे क्वार्ट्‌झ घड्याळांनी त्यास मागे सारले आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही घड्याळ कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. निर्मिती थांबली तसे संग्राहक जागे झाले व किंमत चढू लागली.

आता वडिलांचे असे घड्याळ ज्यांच्या घरी आहे, त्यांनी ते वापरावे की कपाटात ठेवावे? आमच्या मते वापरावे. तबकडीवरील काचेस चरा पडला तर मोल उतरेल, हे खरे; परंतु नुसत्या पडून राहिलेल्या यंत्रातील तेलही सुकतेच. घाम व पाणी यांपासून जपावे, वेळोवेळी तेलपाणी करावे, रोज सकाळी चावी द्यावी. बदलीच्या गावोगावी हिंडलेल्या त्या घड्याळास आपल्या मनगटाखेरीज दुसरे योग्य घर आम्हांस तरी दिसत नाही.