सूज गुडघ्याला, मग तपासणी डोळ्यांची कशाला?

तीन-चार वर्षांची मुलगी. सकाळी उठल्यावर लंगडते, दुपारपर्यंत खेळायला लागते. पडल्याचं कुणाला आठवत नाही, ताप नाही, फक्त एक गुडघा दोन महिन्यांपासून सुजलेला. "हा लहान मुलांचा संधिवात असू शकतो" असं म्हटलं की आईवडिलांना धक्का बसतो. पण खरा गोंधळ होतो तो पुढच्या वाक्याला. "संधिवाततज्ज्ञांच्या चिठ्ठीबरोबर ही डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठीही घ्या. याच आठवड्यात दाखवा." आई मुलीच्या डोळ्यांकडे बघते. टपोरे, स्वच्छ, पांढरेशुभ्र. "डॉक्टर, डोळ्यांना तर काहीच नाहीये!"

तिचं काही चुकत नाही. ही गोष्ट अंगवळणी पडायला आम्हा डॉक्टरांनाही जवळजवळ एक शतक लागलं, आणि त्या काळात कित्येक मुलांची नजर गेली. तो इतिहास आज सांगतो. तो कळला की "काही त्रास नसताना दर तीन महिन्यांनी कशाला जायचं?" हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.

आधी आजाराबद्दल थोडं. आपल्या डोळ्याच्या भिंतीला तीन थर असतात. मधल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराला युव्हिया म्हणतात. हा शब्द द्राक्षाच्या लॅटिन नावावरून आला, कारण साल काढलेल्या काळ्या द्राक्षासारखा हा थर दिसतो. बुबुळाचा रंगीत पडदा याचाच भाग. या थराला दाह झाला की तो युव्हायटिस. मोठ्या माणसाला तो झाला की बहुतेक वेळा डोळा लालभडक होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही. माणूस त्याच दिवशी डॉक्टर गाठतो. संधिवात असलेल्या लहान मुलांमध्ये मात्र, विशेषतः मोजकेच सांधे सुजलेल्या लहान मुलींमध्ये, हाच दाह गुपचूप चालतो. लाली नाही, दुखणं नाही. लहान मुलांच्या संधिवातात दहापैकी साधारण एक-दोघांना हा त्रास होतो. बहुतेकदा तो सांधे सुजल्यानंतरच्या पहिल्या चार वर्षांत सुरू होतो, आणि कधीकधी तर सांध्यांच्याही आधी.

आता इतिहासाकडे. १८९७ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इस्पितळातल्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या तिशीही न ओलांडलेल्या डॉक्टरांनी २२ मुलांचा अभ्यास छापला. मुलांचा संधिवात म्हणजे मोठ्यांच्या संधिवाताची छोटी आवृत्ती नव्हे, हे त्यांनी दाखवून दिलं. प्लीहा आणि लसिकाग्रंथी वाढतात, हेही नोंदवलं. पण डोळ्यांशी असलेला संबंध वैद्यकीय लिखाणात ठळकपणे आला तो १९१० मध्ये. योहानेस ओम या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी नऊ वर्षांच्या एका मुलीची हकीकत छापली. तिच्या डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर, म्हणजे कॉर्नियावर, आडवा पांढरट पट्टा आला होता आणि तिला सांध्यांचा जुना विकारही होता. त्यांनी उपाय केला तो डोळ्यात पोटॅशियम आयोडाइडची इंजेक्शनं देण्याचा. (वाचतानाच आपला डोळा मिटतो!)

हा पट्टा कॅल्शियमचा असतो आणि तो यायला दाह बराच काळ मुरावा लागतो. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसण्याजोगी खूण तयार होईपर्यंत आत बरंच काही बिघडलेलं असतं. बुबुळ मागच्या भिंगाला चिकटतं आणि गोल बाहुली वेडीवाकडी होते. भिंगात मोतीबिंदू होतो. डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याची वाट बंद पडली की दाब वाढून काचबिंदू होतो. मागच्या पडद्याला सूज येते. आणि मूल काही बोलत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचं काम चाललेलं असतं. त्यात वय लहान असेल तर मेंदू त्या अंधुक डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मग पुढे मोतीबिंदू काढला तरी नजर पूर्ण परत येईलच असं नाही.

गंमत, किंवा खरं तर दुःख, असं की हा दाह वेळेवर दाखवणारं यंत्र पुढच्याच वर्षी आलं. १९११ मध्ये स्वीडनच्या आल्वार गुलस्ट्रांड यांनी हायडेलबर्गला स्लिट लॅम्प सादर केला. त्याच वर्षी त्यांना डोळ्याच्या प्रकाशशास्त्रावरच्या कामासाठी नोबेल मिळालं. स्लिट लॅम्प कसा काम करतो? अंधाऱ्या खोलीत कौलातून कवडसा पडला की त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात ना, अगदी तसाच. प्रकाशाची बारीक फट डोळ्यात सोडली की कॉर्निया आणि बुबुळ यांच्यामधल्या पाण्यात तरंगणाऱ्या पांढऱ्या पेशी दिसतात. निरोगी डोळ्यात त्या नसतात. पुढे या दिव्याला सूक्ष्मदर्शक जोडला गेला आणि तो जगभर पोहोचला. पण यंत्र असून उपयोग काय? डोळा दुखत नसलेल्या मुलाला त्याच्यासमोर बसवणार कोण?

मग आलं जादूचं औषध. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या चमूने संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला, पुढे कॉर्टिझोन म्हणून प्रसिद्ध झालेलं इंजेक्शन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चं नोबेल हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना मिळालं. लवकरच स्टेरॉइडचे थेंब डोळ्यात पडू लागले. पूर्वी वर्षभर धुमसणारा दाह काही आठवड्यांत निवू लागला. डॉक्टर आणि आईवडील दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

तो फार काळ टिकला नाही. हा आजार आठवड्यांचा नसून वर्षांचा. थेंब कमी केले की दाह परत, म्हणून थेंब चालूच. १९६० मध्ये अमेरिकेतून नोंद आली की दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांना विशिष्ट प्रकारचा मोतीबिंदू होतो. डोळ्याचा दाब वाढतो हेही दिसू लागलं होतं. गोळ्या घेणाऱ्या मुलांची उंची खुंटत होती. म्हणजे आजारानेही मोतीबिंदू आणि काचबिंदू, औषधानेही तेच! अजूनही मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन् महिने घालणारी माणसं मला भेटतात. त्यांना मी हाच भाग सांगतो.

गाडी रुळावर आली ती मुलांना वर्षानुवर्षं बघणाऱ्या डॉक्टरांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये टॅप्लो इथे एरिक बायवॉटर्स आणि बार्बरा ॲन्सेल यांनी संधिवाताच्या मुलांसाठी खास विभाग चालवला. तिथली मुलं मोठी होईपर्यंत डॉक्टरांच्या नजरेखाली राहिली. कुणाला धोका जास्त, हे अशा दीर्घ नोंदींतून उलगडत गेलं. १९७४ मध्ये अमेरिकेत जेन शॅलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्तातली एएनए ही तपासणी पॉझिटिव्ह असलेल्या मुलांमध्ये हा गुप्त दाह जास्त आढळतो. (लॅबच्या कागदावर एएनए पॉझिटिव्ह दिसलं म्हणून घाबरू नका. निरोगी माणसातही ती तशी येऊ शकते. इथे तिचा उपयोग तपासणी किती वेळा करायची हे ठरवण्यापुरता.) आणि जॅक कान्स्की! नेत्ररोगाच्या विद्यार्थ्यांना हे नाव त्यांच्या जाडजूड पुस्तकामुळे माहीत असतं, पण या मुलांच्या डोळ्यांवर त्यांनी मोठं काम केलं. कोणत्या मुलाला किती महिन्यांनी स्लिट लॅम्पखाली बघायचं, यावर त्यांनी १९८९ मध्ये लेखच लिहिला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही वेळापत्रक छापलं. तक्रार नसताना, ठरलेल्या तारखेला बघायचं. माझ्या मते या आजारातलं सर्वांत मोठं औषध हेच.

हे मी पुस्तकातून म्हणत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात पाच वर्षांच्या एका मुलीचा सुजलेला गुडघा मी औषधाने उतरवला आणि खूश झालो. डोळ्यांकडे पाठवलं नाही. दीड वर्षाने शाळेच्या तपासणीत कळलं की तिला एका डोळ्याने समोरचा तक्ता दिसत नाही. तोपर्यंत बुबुळ भिंगाला चिकटलं होतं आणि मोतीबिंदू झाला होता. वेळापत्रक तेव्हा छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

औषधांचा पुढचा टप्पा आपल्या जवळचा आहे. आंध्रात भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत होते. त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिडला अडवणारी औषधं रक्ताच्या कर्करोगासाठी तयार केली. हेंच यांच्या त्या इंजेक्शनच्या जेमतेम दीड महिना आधी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव वारले. त्याच औषधांच्या कुळातलं मेथोट्रेक्सेट पुढे अगदी कमी मात्रेत संधिवाताला वापरलं जाऊ लागलं. मुलांच्या संधिवातात ते उपयोगी पडतं हे १९९२ च्या अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या संयुक्त अभ्यासात दिसलं. डोळ्यांसाठीही ते स्टेरॉइडचा भार कमी करतं. एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवा: हे औषध आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिलं तर जिवावर बेततं.

मेथोट्रेक्सेटलाही दाद न देणाऱ्या मुलांसाठी अडालिमुमॅब हे इंजेक्शन आलं. ब्रिटनमधल्या 'सिकामोर' चाचणीत मेथोट्रेक्सेट चालू असूनही दाह न थांबलेली ९० मुलं होती. निकाल २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला: नुसतं पाणी-इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ६० टक्के मुलांमध्ये उपचार फसले, अडालिमुमॅब मिळालेल्यांमध्ये २७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी लवकर थांबवली. भारतात २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने या औषधाची स्वस्त आवृत्ती आणली. स्वस्त म्हणजे मूळ किमतीच्या मानाने. मध्यमवर्गीय घराला ती अजूनही जाणवते. शिवाय हे इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयरोग नाही ना, हे तपासावंच लागतं. आपल्याकडे ती नुसती औपचारिकता नव्हे.

आपल्या देशातली आणखी एक वेगळी बाब. आपल्याकडे संधिवाताचा एक प्रकार जास्त दिसतो, ज्यात थोडी मोठी मुलं, बहुधा मुलगे, टाच आणि पायाच्या सांध्यांची तक्रार घेऊन येतात. त्यांचा डोळा मात्र लाल होतो, दुखतो. त्यामुळे "लाल झाला तर दाखवू" हा आडाखा मोठ्या भावाला लागू पडेल आणि धाकट्या बहिणीला घातक ठरेल.

आता तुमचा पुढचा प्रश्न: आमच्या मुलीचं पुढे काय? वेळेत सापडलं, दाह पूर्ण शांत ठेवला, तर आज यातली बहुतेक मुलं चांगल्या नजरेने शाळा, कॉलेज, नोकरी करतात. मोतीबिंदू झालाच तर डोळा किमान तीन महिने शांत ठेवून मग शस्त्रक्रिया करतात. पण सांधे बरे झाले म्हणून डोळे बरे झाले असं धरू नका. दोघांची चाल वेगळी असते आणि डोळ्याचा आजार वयाच्या विशीतही जागा होऊ शकतो.

आणि "औषध कधी बंद करायचं?" २०२५ मध्ये लॅन्सेटमध्ये याच प्रश्नावरची चाचणी आली. अडालिमुमॅबवर डोळे शांत असलेल्यांमध्ये ज्यांचं औषध थांबवलं, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचा दाह परतला. पुन्हा सुरू केल्यावर तो आटोक्यात आला. तेव्हा बंद करायचं तर डॉक्टरांच्या संमतीने, आणि शेवटचं इंजेक्शन घ्यायच्या आधीच पुढच्या सहा महिन्यांच्या स्लिट लॅम्प तपासणीच्या तारखा फाइलवर लिहून घ्या.