बर्फ न होता थांबलेलं पाणी

पाणी गोठलं की बर्फ होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण पाण्याला बर्फ होण्याचीही सवड मिळू नये इतक्या झटपट ते गार केलं, तर? या प्रश्नाने जीवशास्त्राला नवे डोळे दिले.

मंडळी, आपल्या शरीरातली बहुतेक कामं प्रथिनं करतात, आणि ती त्यांच्या घडणीमुळे करतात. कुलूप पाहिल्याशिवाय किल्ली घडवता येत नाही. तसंच औषधाचं आहे. ही घडण पाहण्यासाठी पूर्वी प्रथिनांचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडत. पण अनेक प्रथिनांचे स्फटिक होता होत नाहीत.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक जर्मनीत १९३१ पासून होता. पण त्याच्या आत निर्वात पोकळी. तिथे पाणी उडून जाई, प्रथिन सुकून विस्कटे. वर इलेक्ट्रॉनांचा मारा त्याला जाळी.

केंब्रिजच्या रिचर्ड हेंडरसन यांनी चिकाटी धरली. १९७५ मध्ये नायजेल अनविन यांच्यासोबत त्यांनी एका प्रथिनाची ढोबळ आकृती मिळवली. त्याच प्रथिनातली अणूंची मांडणी कळायला १९९० साल उजाडलं. मधे पंधरा वर्षं गेली!

तिकडे हायडेलबर्गमध्ये झाक दुबोशे पाण्याच्या मागे लागले होते. पाण्याचा अतिशय पातळ थर त्यांनी द्रवरूप नायट्रोजनने गार केलेल्या इथेनमध्ये बुडवला. पाणी काचेसारखं थिजलं, पण त्यात बर्फाचे स्फटिक झाले नाहीत. १९८४ मध्ये अशा पाण्यात विषाणू जसेच्या तसे दिसले.

अमेरिकेत योआखिम फ्रँक यांनी तिसरी बाजू सांभाळली. एकाच प्रथिनाची, वेगवेगळ्या बाजूंनी आलेली हजारो अंधूक चित्रं संगणकाने निवडायची, जुळवायची आणि त्यांतून एक स्पष्ट त्रिमितीय आकृती उभी करायची.

तरीही पुष्कळ वर्षं बहुतेक आकृत्या धूसरच येत. लोक याला ‘गोळ्यांचं शास्त्र’ म्हणून हसत. २०१३ च्या सुमारास नवे कॅमेरे आले आणि हसणं थांबलं. २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल हेंडरसन, दुबोशे आणि फ्रँक या तिघांना मिळालं.

त्याचं मोल जगाला लवकरच कळलं. जानेवारी २०२० मध्ये नव्या करोना विषाणूचा जनुकीय आराखडा जाहीर झाला. फेब्रुवारीतच अमेरिकी शास्त्रज्ञांनी याच तंत्राने त्याच्या काटेरी प्रथिनाची घडण जगासमोर ठेवली. लशींच्या कामाला तिचा आधार झाला.

जिथे पंधरा वर्षं लागली होती, तिथे आता काही आठवडे पुरले. पण त्या आठवड्यांच्या मागे, लोक हसत असतानाही काम न सोडणाऱ्यांची चाळीसेक वर्षं उभी होती.