सर्किटसाठी मोटारसायकलची चाके बदलताना

आपली स्वतःची मोटारसायकल शर्यतीच्या सर्किटवर नेऊन वेगाचा सराव करण्याच्या दिवसास ‘ट्रॅक डे’ म्हणतात. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील हौशी चालकास यासाठी लांबचा पल्ला गाठावा लागतो. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरजवळील कारी मोटर स्पीडवे ही देशातील परिचित सर्किटे. नळदुर्ग, उमरगामार्गे हैदराबाद व तेथून दक्षिणेकडे असा हा प्रवास आहे. रस्ता आणि सर्किट या दोहोंसाठी एकच टायर वापरणे हितावह नसल्याने चाकांचा दुसरा जोड बाळगणे श्रेयस्कर ठरते.

दुसरा जोड कशासाठी?

सर्किटच्या टायरचे रबर मऊ असते व नक्षी अत्यल्प असते. पुरेसे तापल्यावरच ते उत्तम पकड देते. थंड वा ओल्या रस्त्यावर तेच टायर घसरते आणि लांबच्या प्रवासात लवकर झिजते. रिमवरून टायर वारंवार उतरविल्यास त्याच्या कडांना इजा होऊ शकते. तयार चाक बसविणे त्या मानाने सोपे असते.

निवड

टायरचे माप जुळले म्हणजे चाक जुळले, असे नाही. चाकण येथे बनणाऱ्या केटीएम आरसी ३९० या गाडीस पुढे ११०/७० व मागे १५०/६० मापाचे, १७ इंची टायर असतात. मात्र ॲक्सलचा व्यास, स्पेसरची लांबी, ब्रेक डिस्कचे स्थान आणि एबीएसच्या कड्यावरील खाचांची संख्याही तंतोतंत जुळावी लागते. खाचांची संख्या भिन्न असल्यास एबीएसला चाकाचा वेग चुकीचा कळतो.

कृती

गाडी पक्क्या स्टँडवर उभी करावी. ब्रेकचा कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नये. तो दोरीने बांधावा. चाक काढलेले असताना ब्रेक दाबू नये, अन्यथा पिस्टन बाहेर सरकतात. स्पेसर कोणत्या बाजूचा, हे आधीच टिपून ठेवावे. टायरवरील बाण फिरण्याच्या दिशेनेच असावा. डिस्कला तेल वा ग्रीस लागू देऊ नये. मागील चाक बसविल्यावर चेनची ढिलाई मोजावी आणि चाक सरळ रेषेत असल्याची खात्री करावी. ॲक्सलचा नट अंदाजाने न आवळता गाडीच्या पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क पान्याने आवळावा.

यानंतर पुढचा व मागचा ब्रेक कडक लागेपर्यंत अनेकदा दाबावा. हे काम राहून गेले, तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागत नाही आणि जिवावर बेतते. चाके हाताने मोकळी फिरतात का, हे पाहून आधी सावकाश फेरी मारावी.

हवा आणि परतीचा प्रवास

टायर तापला की आतील हवेचा दाब वाढतो. म्हणून सर्किटवरून येताच दाब मोजून टायर उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे राखावा. घरी निघण्यापूर्वी मूळ चाके चढवून त्यांतील दाब तपासावा आणि वरील सर्व तपासणी पुन्हा करावी. शर्यतीच्या कित्येक टायरवर ते सार्वजनिक रस्त्यासाठी नसल्याची सूचना छापलेली असते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. सर्किटची चाके सर्किटपुरतीच वापरावीत, हे उत्तम.