यजमान आणि पाहुणे यंत्र

प्रस्तुत विवेचनात ‘यजमान’ म्हणजे विद्यार्थ्याचा प्रत्यक्ष संगणक आणि ‘पाहुणे’ म्हणजे त्यात सॉफ्टवेअरने उभे केलेले यंत्र. पाहुण्याचे तीन प्रकार आहेत.

(१) सिम्युलेटर यंत्राचे केवळ बाह्य वर्तन दाखवतो. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर या प्रकारचे. त्यात मूळ प्रणाली नसल्याने रचनाकारांनी घातलेल्या आज्ञाच चालतात.

(२) इम्युलेटर परक्या प्रोसेसरच्या आज्ञांचे यजमानाच्या आज्ञांत रूपांतर करतो. जीएनएस३ या नेटवर्क-सरावाच्या साधनातील डायनामिप्स सिस्को राउटरची मूळ आयओएस प्रणालीच चालवतो.

(३) व्हर्च्युअल मशीनमध्ये पाहुण्याच्या बहुतेक आज्ञा यजमानाचा प्रोसेसर थेट पार पाडतो. पोपेक व गोल्डबर्ग यांनी १९७४मध्ये असे मशीन चालवणाऱ्या नियंत्रक सॉफ्टवेअरची तीन लक्षणे सांगितली: समरूपता, कार्यक्षमता व साधनांवरील नियंत्रण.

या भेदातून मर्यादा निष्पन्न होतात. सिम्युलेटरची मर्यादा आज्ञांची. इम्युलेटरची मर्यादा प्रोसेसरची: राउटर रिकामा असतानाही त्याचे निष्क्रिय चक्र काम समजून चालवले जाते, म्हणून ते चक्र ओळखून देणारे ‘आयडल-पीसी’ मूल्य द्यावे लागते. शिवाय स्विचमधील विशेष चिपचे अनुकरण डायनामिप्स करत नाही. व्हर्च्युअल मशीनची मर्यादा मुख्यतः रॅमची: ८ जीबीपैकी ४ यजमानासाठी राखल्यास २ जीबीचे दोनच पाहुणे मावतात.

साधनाची निवड परीक्षेच्या स्वरूपावरून ठरते. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेच्या प्रारंभिक अभ्यासास पॅकेट ट्रेसर पुरते. आयओएस प्रणालीचे खरे वर्तन तपासताना जीएनएस३ लागते. रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा पूर्णतः प्रात्यक्षिक असून केलेली रचना रीबूटनंतर टिकावी लागते. तिच्यासाठी व्हर्च्युअल मशीनच योग्य.

घरबसल्या सरावाचे महत्त्व अंतरावरून कळते. बोईसर व डहाणू रोड यांमधील वाणगाव स्थानक मुंबईतील चर्चगेटपासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. तेथून मुंबईतील प्रयोगशाळेत रोज सराव करू पाहणाऱ्याचे कित्येक तास गाडीतच जातील. पाहुणे यंत्र हे अंतर मिटवते आणि स्नॅपशॉटमुळे, म्हणजे यंत्राच्या जतन केलेल्या स्थितीकडे परतता येत असल्याने, चूक निस्तरता येते. मात्र केबलला आरजे-४५ कनेक्टर जोडणे, सैल पोर्ट ओळखणे ही हस्तकौशल्ये त्यात येत नाहीत. ती प्रत्यक्ष उपकरणावरच साधावी लागतात.

स्नॅपशॉटचा दोषही त्याच्या गुणातच आहे: मागे परतणे सोपे झाले की चुकीमागचे कारण शोधले जात नाही. म्हणून सरावाचा क्रम असा असावा: रचना करणे, रीबूट करणे, तपासणे, दोषाचे कारण लिहून ठेवणे आणि मगच मागे परतणे. पाहुणे पुसून, टिपणे मिटून तीच रचना पुन्हा उभी करता आली, तरच विषय आत्मसात झाला असे समजावे.