केमोथेरपी थांबवायची का? चौथ्या स्टेजच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हा निर्णय कसा घेतला जातो?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृत, फुफ्फुसं किंवा पोटाच्या आतल्या आवरणापर्यंत पसरला की त्याला चौथी स्टेज म्हणतात. केमोथेरपी सुरू होते, काही महिने बरे जातात. मग एखाद्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसतात आणि डॉक्टर सांगतात, "पुढचं औषध देऊन बघता येईल, नाहीतर थांबता येईल."

घरात लगेच दोन मतं पडतात. एक म्हणतं, शेवटपर्यंत लढायचं. दुसऱ्याला रुग्णाचे हाल बघवत नाहीत. ज्याच्या शिरेत औषध जाणार, त्याला मात्र अनेकदा कुणी विचारतच नाही. मग हा निर्णय घ्यायचा कशाच्या आधारावर?

केमो बरं करण्यासाठी असते का?

बहुतेक वेळा नाही. आजार फक्त यकृतात किंवा फुफ्फुसात मोजक्या ठिकाणी असेल, तर ऑपरेशन करून काही रुग्ण पूर्ण बरे होतात. त्यामुळे 'ऑपरेशन शक्य आहे का?' हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. ते शक्य नसेल तर केमोचा हेतू बदलतो. आजार आटोक्यात ठेवणं, आयुष्य वाढवणं आणि त्रास कमी करणं, एवढाच तो उरतो.

हा फरक रुग्णांपर्यंत पोहोचत नाही, असं २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. त्यात चौथ्या स्टेजच्या फुफ्फुसाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरचे १,१९३ रुग्ण होते. आतड्याच्या कॅन्सरच्या ८१ टक्के रुग्णांच्या उत्तरांवरून, केमोने आपण बरे होण्याची शक्यता जवळपास नाही, हे त्यांना समजलेलं दिसत नव्हतं.

प्रत्येक नव्या औषधाने किती फायदा होतो?

सुरुवातीला ऑक्सॅलिप्लॅटिन किंवा इरिनोटेकान, सोबत फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या जातात. या टप्प्यावर फायदा मोठा असतो. पण ही औषधं चालेनाशी झाली की पुढच्या औषधांचा फायदा कमी होत जातो.

रेगोराफेनिब या गोळीच्या २०१३ मधल्या चाचणीत रुग्णांचं मध्यक आयुष्य ६.४ महिने होतं, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं ५ महिने. ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिलच्या २०१५ मधल्या चाचणीत हेच आकडे ७.१ आणि ५.३ महिने होते. पुढे २०२३ मध्ये या दुसऱ्या औषधाला बेव्हासिझुमॅबची जोड दिल्यावर मध्यक १०.८ महिन्यांपर्यंत गेलं.

मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी जगले आणि निम्मे जास्त. त्यामुळे एका माणसाचं भविष्य या आकड्यावरून सांगता येत नाही. पण पुढचं औषध वर्षं देणार आहे की आठवडे, याचा अंदाज त्यातून येतो.

थोड्या रुग्णांचं चित्र वेगळं असतं. ज्यांच्या गाठीत 'एमएसआय-हाय' हा बदल असतो, त्यांना इम्युनोथेरपीचा चांगला उपयोग होऊ शकतो. म्हणून थांबायचं ठरवण्याआधी ही तपासणी झाली आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

शरीर काय सांगतं?

डॉक्टर 'परफॉर्मन्स स्टेटस' बघतात. रुग्ण स्वतः आंघोळ करतो का, घरात फिरतो का, दिवसाचा किती वेळ अंथरुणात जातो, हे त्यात पाहिलं जातं. निम्म्याहून जास्त दिवस अंथरुणात जात असेल, तर केमोचा फायदा कमी आणि धोका जास्त असतो.

२०१५ मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी'त आलेल्या अभ्यासात आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांतली केमो तपासली होती. अशक्त रुग्णांचे अखेरचे दिवस केमोमुळे सुधारले नाहीत. ज्यांची तब्येत तुलनेने बरी होती, त्यांचे अखेरचे दिवस तर केमोमुळे जास्त त्रासाचे गेले.

कायमचं थांबवणं हाच एक पर्याय आहे का?

नाही. मधला मार्गही असतो. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे हातापायांना मुंग्या येतात, शर्टाची बटणं लावणंही अवघड होतं. अशा वेळी ते औषध बंद करून बाकीची चालू ठेवता येतात, डोस कमी करता येतो किंवा आजार स्थिर असेल तर काही आठवड्यांची सुट्टी घेता येते. दोन केमो घेऊन बघू आणि स्कॅननंतर ठरवू, असंही आधीच ठरवता येतं.

केमो थांबली म्हणजे उपचार संपले का?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. वेदना, उलट्या, पोटात साठणारं पाणी, आतड्याचा अडथळा, झोप न लागणं या सगळ्यावर उपचार चालूच राहतात. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि ती केमोसोबतही सुरू करता येते. बोस्टनमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेल्या २०१० च्या अभ्यासात, लवकर पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांचं जगणं सुसह्य झालं आणि ते जास्त काळ जगलेही.

मॉर्फिनची भीतीही अनाठायी आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या वेदनेसाठी ते दिल्यास व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. ते मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्तीही झाली.

मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह केअरचा विभाग आहे, वांद्र्यात १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र मोफत सेवा देतं.

निर्णय कुणाचा?

शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाचा. उपचार नाकारण्याचा त्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालात मान्य केला आहे. केमो नको म्हणायला कोर्टाची परवानगी लागत नाही. पुढे बोलता येईनासं झालं तर व्हेंटिलेटर हवा की नको, हे आधीच लिहून ठेवता येतं. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

'त्यांना काही सांगू नका' असं नातेवाईक मायेपोटी म्हणतात. पण आजार किती पसरलाय हेच माहीत नसेल, तर रुग्ण निर्णय कसा घेणार? नातवाचं लग्न बघायचंय, गावच्या घरी जायचंय, जमिनीची कागदपत्रं मार्गी लावायचीयत, हे ठरवायलाही वेळ हातात असावा लागतो.

डॉक्टरांना काय विचारावं?

- या औषधाने आयुष्य साधारण किती वाढू शकतं? महिने की आठवडे?
- किती दिवस दवाखान्यात जातील आणि किती दिवस घरी बरे जातील?
- औषध चालतंय की नाही, हे कधी आणि कशावरून कळेल?
- एकूण खर्च किती, योजनेत किती बसेल?
- केमो घेतली नाही तर काय त्रास होईल आणि त्यावर काय करता येईल?
- रात्री-बेरात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा?

रुग्णाला शेजारी बसवूनच हे प्रश्न विचारावेत. उत्तरं ऐकून त्याने 'अजून एक औषध घेऊन बघतो' म्हटलं तरी ते बरोबर आहे आणि 'आता पुरे' म्हटलं तरी ते बरोबरच आहे.