ब्लू कॉलर (चित्रपट)

ब्लू कॉलर हा इ.स. १९७८ मध्ये प्रदर्शित झालेला इंग्लिश भाषेतील अमेरिकन गुन्हेगारी नाट्यपट आहे. पटकथालेखक पॉल श्रेडर यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट होय. पटकथा त्यांनी आपले बंधू लेनर्ड श्रेडर यांच्यासह लिहिली. कारखान्यात अंगमेहनतीचे काम करणाऱ्या कामगारांना इंग्लिशमध्ये ‘ब्लू कॉलर’ म्हणतात. त्यावरून चित्रपटाचे शीर्षक घेतले आहे.

कथानक

झीक, जेरी आणि स्मोकी हे मिशिगन राज्यातील एका मोटार कारखान्यातील कामगार जिवलग मित्र आहेत. झीक व स्मोकी कृष्णवर्णीय, तर जेरी पोलिश वंशाचा गोरा आहे. झीककडे कराची थकबाकी आहे, जेरीला मुलीच्या दातांवरील उपचारांसाठी पैसे हवे आहेत आणि स्मोकी सावकाराच्या कर्जात आहे. कामगार संघटनाही दाद देत नसल्याने तिघे तिच्याच कार्यालयातील तिजोरी फोडतात. त्यात केवळ ६०० डॉलर मिळतात. मात्र सोबत संघटनेच्या बेकायदेशीर कर्जव्यवहारांची नोंदवहीही हाती लागते.

या वहीच्या आधारे ते संघटनेकडून पैसे उकळू पाहतात. संघटना तिघांशी तीन प्रकारे वागते. स्मोकीचा रंगकाम विभागात कोंडून, अपघात भासेल अशा रीतीने खून केला जातो. झीकला पद देऊन वश केले जाते. जिवाच्या भीतीने जेरी एफबीआयकडे जातो. अखेरीस दोघे मित्र कारखान्यातच एकमेकांवर वर्णद्वेषी शिव्यांसह धावून जातात आणि त्या स्थिर चौकटीवर चित्रपट संपतो. कामगारांची एकजूट मालकवर्गच नव्हे, तर त्यांची स्वतःची संघटनाही मोडू शकते, हे चित्रपटाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

प्रमुख कलाकार

रिचर्ड प्रायर – झीक ब्राउन
हार्वी कायटेल – जेरी बार्टोव्स्की
याफेट कोटो – स्मोकी जेम्स

निर्मिती

कारखान्यातील दृश्ये मिशिगनमधील कॅलामझू येथे, टॅक्सी बनवणाऱ्या चेकर कंपनीच्या कारखान्यात चित्रित झाली. चित्रीकरणादरम्यान तिन्ही प्रमुख अभिनेत्यांमध्ये सतत खटके उडत. या तणावामुळे श्रेडर मानसिकदृष्ट्या खचले होते. संगीत जॅक निट्शे यांचे असून शीर्षकगीत कॅप्टन बीफहार्ट यांनी गायिले आहे.

प्रतिसाद

समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चित्रपटाला चारपैकी चार तारे दिले. विनोदवीर म्हणून ख्यातनाम असलेल्या प्रायर यांची ही गंभीर भूमिका त्यांच्या उत्तम भूमिकांपैकी एक मानली जाते.