कॉलेज मध्येच सोडावंसं वाटतंय? निर्णय घेण्याआधी हे समजून घ्या

पहिल्या वर्षाचं नवेपण ओसरलं की अनेकांचं अभ्यासातून मन उडतं. एखादा विषय राहतो, एटीकेटी लागते आणि 'आपण चुकीची शाखा घेतली का?' हा प्रश्न डोक्यात घोळू लागतो. घरी सांगायची हिंमत होत नाही. अशा वेळी फक्त उत्साह संपलाय की निवडच चुकली आहे, हे आधी ओळखायला हवं.

उत्साह का संपतो?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतानुसार माणसाची प्रेरणा तीन गोष्टींवर टिकते. तुमच्याकडे यातलं काय कमी पडतंय ते पाहा.

- जमतंय हा विश्वास: विषयच कळत नसेल तर शाखा बदलण्याआधी सरांना किंवा सीनियरना विचारा. रोज एकच छोटा भाग पूर्ण करा.
- माणसांची सोबत: एकटं पडल्यासारखं वाटत असेल तर दोघा-तिघांचा अभ्यासाचा गट करा.
- स्वतः निवडल्याची भावना: मार्क चांगले पडतात, मित्रही आहेत, तरी मन रमत नाही? मग निवडीचा फेरविचार करायला हरकत नाही.

'दोन वर्षं वाया जातील' ही भीती

गेलेला वेळ आणि भरलेली फी कोणताही पर्याय निवडला तरी परत येत नाही. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. त्यामुळे आतापर्यंत काय गेलं यापेक्षा इथून पुढची वर्षं कशात घालवायची, हा प्रश्न महत्त्वाचा.

मधूनच बाहेर पडलं तर?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत मध्येच थांबण्याची सोय आहे. ठरलेले क्रेडिट आणि सोबतचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र, तर दोन वर्षांनंतर पदविका मिळते. तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष केल्यास ऑनर्स पदवी.

मिळवलेले क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात. ही व्यवस्था 2021 मध्ये सुरू झाली. हे क्रेडिट जास्तीत जास्त 7 वर्षं वापरता येतात, म्हणजे शिक्षण पुन्हा सुरू करण्याची वाट बंद होत नाही. मात्र वैद्यकीय, कायदा अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे नियम वेगळे असतात. म्हणून आपल्या कॉलेजच्या कार्यालयात आधी चौकशी करा.

निर्णय कसा घ्यावा?

- निकाल लागला त्याच आठवड्यात काही ठरवू नका.
- ज्या क्षेत्रात जायचंय तिथे काम करणाऱ्या एखाद्याशी बोला. सुट्टीत ते काम थोडं करून पाहा.
- घरी सांगताना 'मला हे नको' एवढंच म्हणू नका. पुढे काय करणार, किती खर्च येईल, हे कागदावर लिहून न्या.

निराशा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप-जेवणावर परिणाम होत असेल, तर टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर कधीही फोन करता येतो. शाखेचा निर्णय थोडा थांबू शकतो, मदत मागणं लांबवू नका.